चंद्रपूरहून निघणाऱ्या वाटा

भूमध्य समुद्राच्या काठी, क्रोएशिया देशात, दुब्रोव्हनिक नावाचे एक प्राचीन बंदर आहे. गावाभोवती भक्कम दगडी तट असून त्याची लांबी १,९४० मीटर आहे. मोठमोठी प्रवासी जहाजे सकाळी या बंदरात येतात. हजारो प्रवासी किनाऱ्यावर उतरतात, तटावरून फेरी मारतात, कोणी जवळच्या बेटांवर जाऊन येतात, आणि सायंकाळी जहाज सुटण्याच्या आत सारे परततात. प्रत्येकाच्या हाती असतात ते फार तर आठ-दहा तास. तेवढ्यात सगळेच पाहून घेण्याची धांदल उडते. पुढे ही गर्दी एवढी वाढली, की गावातल्या अरुंद गल्ल्यांतून चालणेही कठीण झाले. अखेर २०१९ साली, एका दिवशी दोनपेक्षा अधिक प्रवासी जहाजे येऊ द्यावयाची नाहीत, असे तेथे ठरवावे लागले.

आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. पण त्याची ठेवण पुष्कळशी अशा बंदरासारखीच आहे. येथेही तट आहे, जुन्या राजांच्या आठवणी आहेत, आणि गावाबाहेर पडून काही मैल गेले, की समुद्राप्रमाणे दूरवर पसरलेले अरण्य लागते. पहाटे आगगाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाच्या हातीही बहुधा एकच दिवस असतो. तो ताडोब्याची चौकशी करतो, वाघ दिसेल काय असे विचारतो, आणि जटपुरा दरवाज्याखालून गाडी भरधाव निघून जाते. आपण ज्याच्याखालून गेलो तो दरवाजा कोणाचा, याचा विचार करावयास त्याला सवड नसते. वास्तविक चंद्रपूरचा तट आठ किलोमीटरांहून अधिक लांब आहे. म्हणजे दुब्रोव्हनिकच्या तटाच्या चौपटीहूनही मोठा!

हे नगर गोंड राजांनी वसविले. त्याचे जुने नाव चांदा. नाव बदलले तरी रेल्वेचे एक स्थानक अजून ‘चांदा फोर्ट’ याच नावाने ओळखले जाते, आणि खेड्यापाड्यांतील वृद्ध माणसे आजही ‘चांद्याला जाऊन येतो’ असेच म्हणतात. नगराच्या स्थापनेविषयी एक आख्यायिका सांगतात. पंधराव्या शतकात बल्लारपूर येथे खांडक्या बल्लाळशहा हा राजा राज्य करीत होता. त्याच्या सर्वांगावर व्रण उठले होते. कोणत्याही औषधाचा गुण येईना. एकदा शिकारीस गेला असता त्याला तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे होते, पण एका खळग्यात थोडे पाणी दिसले. तेथे त्याने हातपाय व तोंड धुतले. त्या रात्री त्याला शांत झोप लागली, आणि सकाळी राणी पाहते तो व्रण नाहीसे झालेले! त्या जागी अचलेश्वराचे देवालय उभे राहिले. पुढे तेथेच राजाला एक नवल दिसले. एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागला होता. त्या सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. जेथून जेथून ससा धावला, त्या वाटेने तट बांधावा, असे राणीने सुचविले आणि नगराची आखणी झाली. आख्यायिका ती आख्यायिकाच. तिला इतिहास समजू नये. परंतु एवढा थोरला तट एका राजाच्या हातून पुरा झाला नाही, पुढच्या राजांच्या कारकिर्दीत तो पूर्ण झाला, ही गोष्ट खरी आहे.

तटाला चार मोठे दरवाजे आहेत. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. यांखेरीज पाच लहान वाटा असून त्यांना खिडक्या म्हणतात. दरवाज्यांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे. एक बलाढ्य सिंह हत्तीवर चाल करून त्याला दाबून टाकतो आहे, असे ते चित्र. शिल्पकाराने सिंह मोठा दाखविला आहे आणि हत्ती अगदी लहान! निसर्गातले प्रमाण त्याने जाणूनबुजून उलटे केले आहे. राजाचे सामर्थ्य दाखविण्याची ही त्या काळची भाषा होती.

अचलेश्वर दरवाज्यापाशी तासभर थांबल्यास चंद्रपूरचा पुष्कळसा इतिहास एकाच ठिकाणी भेटतो. तेथे अचलेश्वराचे देवालय आहे, शेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधी वीरशहा राजाची. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधविली. अठराव्या शतकाच्या आरंभी पतीच्या निधनानंतर या राणीने दत्तक पुत्राच्या नावाने राज्याचा कारभार पाहिला. दरवाज्याबाहेर झरपटेच्या काठी असलेले महाकालीचे मंदिरही तिचेच. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून यात्रेकरू येतात व झरपटेत स्नान करून देवीच्या दर्शनाला जातात. ज्या पाण्याने राजाचे व्रण बरे झाले असे सांगतात, ती झरपट आज गावच्या सांडपाण्याने गढूळ झाली आहे. यात्रेकरूंना तीत उतरताना आता मन घट्ट करावे लागते.

गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये संपले आणि चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेने तोफा डागून तटाला खिंडार पाडले व नगर घेतले. राजवाड्याचे पुढे कारागृह झाले. याच कारागृहाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके या तरुण गोंड वीराला इंग्रजांनी फाशी दिले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अरण्यात राहून त्याने इंग्रजांशी झुंज दिली होती. चंद्रपूरकरांच्या स्मरणातील आणखी एक दिवस म्हणजे १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, आणि त्यांच्या उपस्थितीत येथील लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. ते ठिकाण दीक्षाभूमी म्हणून ओळखले जाते.

तटाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. शत्रू उरला नाही, तेव्हा तटाची गरजही उरली नाही. दगडांच्या सांध्यांत वड-पिंपळ रुजले, बुरुजांवर काटेरी झुडपे माजली, कडेला केरकचऱ्याचे ढीग साचले. झाडाचे मूळ तोफेहून हळू काम करते, पण ते काम थांबत नाही. सांध्यात शिरलेले केसाएवढे मूळ जाड होत जाते आणि मोठमोठे चिरे जागचे हलविते. २०१७ साली ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी कुऱ्हाडी, विळे आणि घमेली घेऊन तट साफ करावयास सुरुवात केली. दररोज सकाळी काही तास, याप्रमाणे हे काम महिनोन्‌महिने चालले. एकेक बुरूज मोकळा होऊ लागला, तटावरून चालण्याची वाट उघडी झाली. ज्यांचा जन्म तटाच्या आत गेला, अशा कित्येकांनी तटाचा माथा त्या वेळी प्रथमच पाहिला.

आता तटाबाहेरच्या वाटा. त्यांतील सर्वांत गजबजलेली वाट ताडोब्याची. चंद्रपूरहून मोहर्ली येथील प्रवेशद्वार सुमारे तीस किलोमीटरांवर आहे. हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्र राखून त्याची स्थापना झाली. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले. दोन्ही मिळून आता ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला असून या दोहोंचे क्षेत्र ६२५.४ चौरस किलोमीटर भरते. साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह आणि बांबू यांचे हे वन उन्हाळ्यात जवळजवळ पर्णहीन होते. पाणी थोड्याच ठिकाणी उरते, म्हणून प्राणी पाण्याशी येतात आणि प्रवाशांना दिसतात. ऐन वैशाखाच्या उन्हात येथे गर्दी का उसळते, याचे कारण हेच.

वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानकुत्री, सांबर, चितळ हे येथील प्रमुख प्राणी. तळ्यात मगरी आहेत. वनातील जुन्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे दिसतात. गोंड राजांच्या काळी या खांबांवरून दोर ओढलेला असे व त्याला घंटा बांधलेल्या असत. राजा वनात गेला म्हणजे दोर हालवून नगरापर्यंत इशारा पोचविला जाई, असे सांगतात. वाघाच्या शोधात असलेल्या प्रवाशांचे डोळे झुडपांवर खिळलेले असतात, त्यामुळे हे खांब त्यांच्या बाजूने निघून जातात आणि कोणाला त्यांची दखलही नसते.

ताडोबा हे नाव ‘तारू’ या देवावरून पडले. तारू हा एका गावचा गोंड मुखिया होता. वाघाशी झुंज देता देता तो मरण पावला. लोकांनी त्याला देव मानले आणि तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे केले. पूर्वी पौष महिन्यात येथे जत्रा भरे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघाचे सर्वांत प्रसिद्ध वन ओळखले जावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बाहेरून येणारा प्रवासी वाघ दिसावा म्हणून देवाची करुणा भाकतो. वनाच्या सीमेवरील गावात राहणारी बाई चैत्राच्या पहाटे मोहाची फुले वेचावयास जाते, तेव्हा वाघ दिसू नये म्हणून ती त्याच देवाला हात जोडते. मोहाची फुले पहाटे गळतात. ती उन्हे चढण्यापूर्वी वेचावी लागतात. आणि वाघाच्या फिरण्याची वेळही तीच. तेंदूची पाने तोडण्याच्या हंगामातही असेच होते. दरवर्षी या जिल्ह्यात वाघांच्या हल्ल्यांत माणसे दगावतात. वाघ वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या आनंदाची किंमत कोण देते, हे मोहर्लीच्या फाटकाशी उभे राहून कळत नाही. वनाच्या पोटातील नवेगाव, जामणी यांसारखी गावे वाघांना जागा मिळावी म्हणून बाहेर नेऊन वसविण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि शेते त्या लोकांनी मागे सोडली.

ताडोब्यात किती गाड्या जाऊ द्याव्यात याला मर्यादा आहे. प्रत्येक फाटकातून ठरावीकच वाहने सोडतात. सोबत स्थानिक मार्गदर्शक असतो. वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते. मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात गाभ्याचे वन प्रवाशांना बंद ठेवतात. दूरवरून आलेल्या माणसाला नेमके मंगळवारीच परत फिरावे लागले, तर तो चिडतो. दुब्रोव्हनिकला तिसऱ्या जहाजावरचा प्रवासीही असाच चिडत असेल.

नागपूरच्या रस्त्याला लागले, की वाटेत भद्रावती येते. तिलाच भांदक असेही म्हणतात. गाव आज लहान दिसते, परंतु त्याचा भूतकाळ फार मोठा आहे. येथे भद्रनागाचे देवालय आहे, पार्श्वनाथांचे प्रसिद्ध जैन मंदिर आहे, आणि जवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. तीन धर्मांची तीन पवित्र स्थाने एका सकाळी पायी फिरून पाहता यावीत, असे योग फार थोड्या गावी येतात. विजासनची लेणी वेरूळ-अजिंठ्याप्रमाणे सजविलेली नाहीत. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारा एक लांब बोगदा खोदला आहे, त्याला काटकोनात आणखी दोन बोगदे फुटतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेले, की काही क्षण काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले, म्हणजे समोरची मूर्ती हळूहळू आकार घेऊ लागते. घाई असणाऱ्याने येथे जाऊच नये; त्याला केवळ वटवाघळांचा वास तेवढा आठवत राहील. गावातील एका जुन्या तळ्यात बेट असून त्यावर जाण्यासाठी थोराड दगडी खांबांचा प्राचीन पूल आहे, तोही पाहण्यासारखा आहे.

याच रस्त्याने पुढे वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी स्थापन केलेले आनंदवन आहे. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली. ज्यांना गावाने आणि घरानेही बाहेर काढले होते, त्या माणसांनी खडकाळ माळावर विहिरी खणल्या, शेती पिकविली, घरे बांधली. ‘प्रेक्षणीय स्थळ’ हा शब्द आनंदवनाला लावणे बरे दिसत नाही. तेथे माणसे राहतात आणि काम करतात. त्यांना पाहावयास नव्हे, तर त्यांना भेटावयास जावे.

दक्षिणेकडे बल्लारपूर अगदी जवळ, पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे. वर्धा नदीच्या काठी खांडक्या बल्लाळशहाचा किल्ला आहे. येथील कागदाचा कारखाना प्रसिद्ध असून सागवानाचा मोठा व्यापार चालतो. अर्ध्या दिवसात बल्लारपूर पाहून होते.

मूलमार्गे पूर्वेस जाणारी वाट मात्र पुरा दिवस मागते, आणि तो द्यावा अशी तिची योग्यताही आहे. ही वाट गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंड्याला जाते. पूर्वी हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता; २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. भाताची शेते, तळी आणि मधूनच येणारे रान ओलांडीत वाट वैनगंगेशी पोचते. दक्षिणेकडे वाहणारी ही नदी मार्कंड्यापाशी वळून उत्तरेकडे वाहू लागते. उत्तरवाहिनी नदी आपल्याकडे पवित्र मानतात. म्हणून या स्थानाला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. मार्कंडेय ऋषींची कथा सर्वांना ठाऊक आहे. सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन आलेल्या या बालकाने शिवलिंगाला मिठी मारली आणि शिवाने त्याला यमाच्या पाशातून सोडविले. त्याच्या नावाने हे देवालय आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

नदीकाठच्या आवारात अनेक देवळांचा समूह आहे. त्यांतले मुख्य देवालय बाहेरून पाहताना भिंत कोठे आहे हे शोधावे लागते, इतकी ती मूर्तींनी भरलेली आहे. देव, अप्सरा, नर्तकी, वाद्ये वाजविणारे, हत्ती, वानर अशा मूर्तींच्या रांगांवर रांगा! एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्वज्ञाने या देवळांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. खजुराहोशी त्यांची तुलना नेहमी केली जाते. खजुराहो पाहण्यास जगभरातून माणसे येतात. मार्कंड्याला यात्रेचे दिवस सोडले, तर नदीवर कपडे धुणाऱ्या बायांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसतो. पाहणाराला ही शांतता लाभाची आहे. देवळांना ती तितकीशी लाभली नाही.

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी मुख्य देवालयावर वीज पडली आणि शिखराचा वरचा भाग खाली कोसळला, असे सांगतात. दगडी देऊळ चुन्याने चिकटविलेले नसते. एका चिऱ्याचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, अशा तोलाने ते उभे असते. एका ठिकाणचा तोल गेला, की तडे दूरवर पोचतात. ते दुरुस्त करावयाचे तर चिरे उतरवून, त्यांवर क्रमांक घालून, पुन्हा जागच्या जागी बसवावे लागतात. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने असे काम हाती घेतले. परंतु ते पुष्कळ वर्षे रेंगाळले, आणि उतरविलेले कोरीव दगड आवारात पडून राहिले, म्हणून भाविक आणि अभ्यासक दोघेही हळहळले. मूर्तीचा हात कोठे, पाय कोठे, अशा स्थितीत पडलेला दगड पाहिला, म्हणजे बांधणाराने किती निगुतीने काम केले होते, हे उभ्या भिंतीपेक्षाही अधिक स्पष्ट होते. ज्या बाजू भिंतीत दडून राहावयाच्या होत्या, त्याही त्याने नीट घडविल्या आहेत.

चंद्रपूरहून सकाळी निघून रात्री परतावे, अशा वाटा येथे संपतात. आष्टीच्या पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात व त्यांची प्राणहिता होते. तेथून दक्षिणेला खरे अरण्य सुरू होते. या भागाला एक दिवस देऊन परतणारा माणूस केवळ रस्ता पाहून येतो. आलापल्लीपासून भामरागडच्या वाटेवर सहा हेक्टरांचा वनाचा एक तुकडा आहे. त्याला ‘वनवैभव’ म्हणतात. सागाच्या व्यापारासाठी भोवतालची झाडे तुटत असताना, मूळचे वन कसे होते हे पुढच्यांना कळावे, म्हणून १९५३ मध्ये वनाधिकाऱ्यांनी हा तुकडा तसाच राखून ठेवला. येथे कुऱ्हाड चालत नाही. पडलेले झाडही उचलीत नाहीत. ते जागच्या जागी कुजते आणि त्यावर दुसरी झाडे वाढतात. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. आलापल्लीच्या सागाला आजही दूरवरून मागणी येते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेले, ते याच भागातून.

भामरागडाजवळ हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून माडिया गोंड लोकांसाठी दवाखाना आणि शाळा चालविली. त्यापलीकडे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात या नद्या फुगल्या, की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो.

प्राणहितेच्या काठाकाठाने दक्षिणेला गेले, की सिरोंचा तालुका येतो. तेथील वडधम गावाजवळ दगड झालेली झाडे सापडली आहेत. दुरून पाहणाराला वाटते, कोणी ओंडके तोडून टाकले आहेत. खोडाचा आकार तोच, सालीच्या रेघा त्याच. पण हात लावावा तर थंडगार दगड! कोट्यवधी वर्षांपूर्वी ही झाडे पुराच्या गाळात गाडली गेली. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली खनिजे होती. लाकूड कणाकणाने नाहीसे होत गेले आणि त्या प्रत्येक कणाच्या जागी खनिज बसत गेले. अशा रीतीने झाड गेले आणि त्याचा आकार तेवढा दगडात उरला. पंधरा कोटी वर्षांहूनही जुन्या काळाच्या या साक्षी आहेत. याच खोऱ्यात एका प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. तो शाकाहारी होता. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणजे १९६१ च्या आसपास, ती हाडे उकरून काढण्यात आली. म्हणून त्याला ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव दिले. यातील ‘बारा’ म्हणजे डझन नव्हे. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय, त्यावरून ते नाव आले. त्याचा सांगाडा आता कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या तीरावर तेलंगणातील काळेश्वराचे क्षेत्र आहे. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा सिरोंच्याच्या बाजारात एकाच वाक्यात ऐकू येतात. चंद्रपूर येथून दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तेव्हा संगमावर सायंकाळ झाली, की प्रवाशाने परतीचा विचार सोडावा आणि रात्री गावातच मुक्काम करावा.

स्वाध्याय

१. चंद्रपूरच्या तटाची दुरवस्था कशी झाली व ती कोणी दूर केली?
२. वाघाकडे पाहण्याची प्रवाशाची दृष्टी आणि वनाकाठच्या गावकऱ्याची दृष्टी यांत कोणता फरक आहे? त्याची कारणे लिहा.
३. लाकडाचा दगड कसा होतो, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : आख्यायिका, निगुतीने, पर्णहीन, उत्तरवाहिनी.
५. तुमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा एका ठिकाणाची माहिती मिळवा. ते बांधणाऱ्यांची आणि आज ते सांभाळणाऱ्यांची, दोघांचीही माहिती तीत असावी.